कस्तुराकाकूच्या अंगणातलं बीळ

केनवडच्या आमच्या शेजारणीला, कस्तुराकाकूला, एका जागी म्हणून बसवत नाही. चहासुद्धा उभ्यानं पिते, जेवताना मधेच उठून काहीतरी आवरत सुटते. अशा बाईला यंदा ऑक्टोबरात तिच्याच तोडीची सोबतीण भेटली.

अंगणाच्या उन्हातल्या कोपऱ्यात, भुसभुशीत मातीत, एक गांधीलमाशी बीळ उकरत होती. काळीभोर, पोट नारिंगी, कंबर दोऱ्याएवढी. पोळं नाही, गोतावळा नाही, एकटीच. माती मागं फेकायची, उडायची, लगेच परत. मग आपल्याहून मोठा नाकतोडा मिशीला धरून ओढत आणला, बिळाच्या तोंडाशी ठेवला, आत जाऊन पाहून आली आणि मगच आत घेतला. काकू झाडू हातात धरून बघतच राहिली.

"चावली मंजे समजन तुले," मुलगा विनोद म्हणाला. "सोमवारी मिस्त्री येऊन राह्यला. साऱ्या अंगणात कोबा टाकतो."

वाशीमला शिकणारी लेक सुकेशनी फोनवर म्हणाली, माशी नाकतोड्याला मारत नाही, नांगीनं लुळा करते. पहिल्या नाकतोड्यावरच अंडं घालते, पुढचे आणतच राहते. अळी ते खाऊन वाढते आणि माशी होऊन माती उकरत वर येते. ऐकलं आणि काकूची झोप उडाली. सिमेंटातून ती वर येणार कशी?

"तेवढा कोपरा सोड न बाप्पा," ती विनोदच्या मागं लागली. दिवसातून दहादा. तो हो म्हणेना की नाही म्हणेना.

रविवारी वर्षावास संपण्याची पौर्णिमा होती. बुद्धविहारात जायच्या घाईत काकूनं पहाटेच अंगण सारवून काढलं. चाळीस वर्षांचा हात, कोपऱ्यापाशी थांबलाच नाही.

दुपारी माशी नाकतोडा घेऊन आली. शिकार टाकून सारवणावर गोल गोल फिरली, उडाली, परत आली, पुन्हा फिरली. काकू नखांनी सारवण खरवडत होती, इथं, मग तिथं. बीळ काही सापडेना. कुंपणापलीकडून बघताना मला काकूची कीवही आली आणि तिचा रागही. शेवटी नाकतोडा तिथंच टाकून माशी निघून गेली.

"गेली न ते," विनोद सुटल्यासारखा म्हणाला. "आता कायची काळजी? उद्या टाकू कोबा."

काकूनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेणानं माखलेला हात तिनं जमिनीवर दाबून धरला.

"तिले घर सापडलं नाही, विनोद. लेकरू तं आतच हाय."