ज्या बोर्डाले परवानगी लागत नाही

रामटेके साहेब साकोलीच्या बाजारातून निघाले की दोन्ही बाजूचे बोर्ड मोठ्यानं वाचत जायचे. पहिलीतलं पोर धडा वाचते ना, तसे. "शीतल केशकर्तनालय. चालते. घर भाड्याने देणे आहे. चालते. हीच बिडी ओढा... हे कोनाचं?" मग थांबायचे, छत्रीचं टोक त्या बोर्डाकडे करायचे आणि दुकानदाराला बाहेर बोलवायचे. वाचताना लाज नाही, भीडही नाही.

आणीबाणी उठून गेली होती, त्या सुमाराची गोष्ट. मोठ्या सडकेलगतच्या जाहिरातींवर नजर ठेवायचं काम साहेबांकडे आलं होतं. मी काशीराम पेंटर. शाळा तिसरीतच सुटली, पण माझ्यासारखं अक्षर काढणारा साकोलीत तेव्हा कोणी नव्हता, आजही नाही. दुकान गल्लीत आत. म्हणून सडकेवरच्या निंबाच्या झाडाला मी एक बोर्ड ठोकला होता, त्यावर माझं नाव आणि गल्लीकडे बाण. एसटीतून उतरलेला लाखांदूरकडचा माणूस तो बाण पाहूनच माझ्यापर्यंत यायचा. घरची चूल त्याच्यावरच पेटत होती.

साहेब पहिल्यांदा आले ते माझ्या दारावरचा बोर्ड वाचतच. "काशीराम पेंटर. चालते. निंबावरचा नाही चालत."

"काहून? दोन्हीवर नाव माझंच हाये."

"नाव मी इचारलंच नाही. जागा कोनाची? आपल्या दारावर आपल्याच धंद्याचा बोर्ड लावाले परवानगी लागत नाही. निंब तुह्या दारात हाये का?"

"दारात असता त बोर्ड लावलाच कायले असता, साहेब?"

साहेब हसले, पण पोळ्यापर्यंतची मुदत देऊन गेले. पोळा झाला. बोर्ड तिथंच. संध्याकाळी साहेब माझ्याच दुकानात बसून चहा प्यायचे, नाटकांच्या गप्पा मारायचे आणि उठता उठता म्हणायचे, "अर्ज कर, नाही त उतरव." मी म्हणायचो, "दोन्ही नाही करत." असं रोज.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, रात्री नाटकं होतात. मंडईचा, लग्नाचा बोर्ड असला तर त्यालाही परवानगी लागत नसे, फक्त कार्यक्रम सरला की उतरवायचा. साहेब पहिल्या रांगेत बसून नाटक पाहायचे, रडायचेसुद्धा. सकाळी नाटक मंडळाच्या दारात हजर. "लय मस्त झालं नाटक. आता बोर्ड काढा." मी एकदा चिडून म्हटलं, तुमचा नियम गरिबालाच आडवा येते. साहेब म्हणाले, "गरिबाले आडवा येते, खरं हाये. पन नियम नसला त मोठा मानूस आख्खी सडकच आपल्या दारात घेते."

त्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतात, धानाच्या बांधीत रोवणे करून मेला होता. ते बोलले ते ऐकीव नव्हतं.

तसंच झालं. राइस मिलवाल्या शेटजीनं पोरीच्या लग्नात सडकेच्या वळणावर लोखंडी कमान उभी केली. रंगवली मीच. 'शुभविवाह' बारीक, मिलचं नाव हातभर. लग्न लागलं, वरात गेली, कमान उभीच. वळणावर समोरून येणारा ट्रक दिसेना. एका म्हातारीला सायकलवाल्यानं धडक दिली, ती थोडक्यात वाचली. साहेब मिलवर गेले तेव्हा मी हिशेबापायी तिथंच होतो.

शेटजी म्हणाले, "लग्नाच्या कमानीले परवानगी लागत नाही म्हणून तुम्हीच सांगता ना?"

"लग्नाच्या कमानीले नाही लागत. पन शेटजी, पोरगी बाळंतपणाले माहेरी आली, अन् तुमचं लग्न अजून सरूनच नाही राहिलं."

हमाल तोंडात उपरणं कोंबून हसले. शेटजी हसले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पहिले या दोस्ताचा निंबावरचा बोर्ड उतरवा. मंग माझ्या कमानीले हात लावा. नाही त मी वर कळवतो का तुम्ही माणसं पाहून नियम लावता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात ते दोन मजूर घेऊन माझ्या दारात उभे. "काशीराम, शिडी दे."

एवढी उंच शिडी गावात माझ्याकडेच होती. "कायले?"

"तुहा बोर्ड काढाले."

"माह्याच शिडीनं माह्याच पोटावर पाय देता? नाही देत."

"नको देऊ." असं म्हणून ते सडकेकडे चालू लागले. मी मागोमाग. निंबापलीकडे मिलचा ट्रक उभा, त्यात हमाल, पुढं मुनीम. माझा बोर्ड उतरला की पाळी कमानीची, हे मिलवाल्यांनाही कळत होतं. ते पाहून दोन्ही मजूर मागं सरले. साहेबांनी छत्री बुंध्याला टेकवली, चपला काढल्या आणि स्वतः झाडावर चढू लागले. पन्नाशीचा माणूस, धोतर नाही बरं, पँट. पाय घसरत होता.

"साहेबाले शेपूट फुटली बे!" एक हमाल ओरडला. मुनीम म्हणाला, "हलवा रे फांदी जराशी." दोघं खरोखरच पुढं आले. फांदी हलली. साहेब दोन्ही हातांनी बुंध्याला चिकटले. बाजार थांबून पाहत होता आणि एकही माणूस जागचा हलेना.

मी गल्लीत पळालो, शिडी आणली. हमालाच्या छातीला तिचं टोक लावून म्हटलं, "सरक. माह्या बोर्डाले हात लावाचा त मीच लावन." वर चढून खिळे उपसले, बोर्ड काखेत मारला आणि साहेबांना शिडीवरून खाली घेतलं. त्यांचा तळवा सोलून निघाला होता.

मग तीच शिडी उचलून मी वळणावर नेली आणि कमानीला लावली.

मुनीम म्हणाला, "काशीराम, इचार कर. उद्यापासून मिलचं काम बंद होईन."

"होऊ दे," मी म्हटलं. "पाना दे बे कोनी."

बाजारातल्या सायकल दुरुस्तीवाल्यानं पाना दिला. मग मजूरही आले. कमान उतरेपर्यंत साहेब छत्री घेऊन सडकेत उभे राहून ट्रक थांबवत होते.

मिलचं काम खरंच बंद झालं. गिऱ्हाईकही घटलं, दोन वर्षं ओढाताणीत गेली. साहेबांची बदली नाकाडोंगरीकडे झाली. कोणी केली ते सगळ्यांना माहीत होतं. एसटीत बसवायला मी गेलो, तेव्हा विचारलं, "आता लावू का बोर्ड निंबावर?"

"अर्ज कर," खिडकीतून म्हणाले.

"नाही करत."

"मंग नको लावू." गाडी निघाली. तेच शेवटचं बोलणं. पुढं ते गेल्याचंच कळलं.

त्यांच्या जागी आलेला साहेब मोठा मोकळा माणूस. निंबाखाली उभा राहून मला म्हणाला, "लाव ना बाबा बोर्ड. अर्ज नको, काही नको. इथं कोन पाहून राहिलं?"

मी म्हटलं, "मी पाहून राहिलो."