झेंडे काढायची वेळ

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकतं, त्याची माफी असावी. तरी त्या साहेबांविषयी लिहून ठेवते.

रोह्याजवळच्या गोल्फच्या मैदानावर मी गवत काढायची. संध्याकाळी शेवटचा माणूस खेळून गेला की भोकांतले झेंडे काढून मुकादमाकडे जमा करायचे, मगच घरी जायचं. शेवटचे नेहमी हेच साहेब. ते चेंडू रुमालाने पुसायचे, वाकून गवत न्याहाळायचे, काठी उगारायचे आणि पुन्हा खाली घ्यायचे. मागची तरुण मंडळी म्हणायची, "काका, आज संपेल ना?" ते हसून बाजूला व्हायचे. "तुम्ही व्हा पुढे."

एकदा माझ्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. घरी कासूला जायची गाडी चुकायची वेळ आली, तरी साहेब खेळतच होते. मला बोलायचा धीर होईना.

माझ्याबरोबर गवत काढणारी सोबतीण म्हणाली, "उभी राहा गो अशीच. त्यांचा चेंडू काय आज हालत नाय." मग तिनेच पुढे होऊन साहेबांना सगळं सांगितलं.

साहेबांनी चेंडू उचलून खिशात टाकला. "बाई, आधी सांगायचं नाही का? पळा तुम्ही दोघी. राहिलेला झेंडा मी देतो मुकादमाला."

फाटकातून मी वळून पाहिलं. मुकादम खोलीचं दार लावत होता, आणि साहेब झेंडा खांद्यावर घेऊन त्याला हाका मारत धावत होते.