जावेचं नाव छापलेला प्रबंध

गोव्यातल्या सर्वण गावच्या सुमंगलेनं सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या गाण्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या तनयाला तिनंच गावात नेलं होतं.

“तुम्ही ऑफिसातल्या, मला गावातली बाई हवी,” म्हणत तनयानं गाणी विचारली ती सुमंगलेच्या जावेला, शेवंतीला.

आज छापील प्रबंध आला. पहिल्याच पानावर शेवंतीचे आभार! सुमंगलेचा नुसता जळफळाट झाला. तिनं तो मुद्दाम रसायनशास्त्राच्या कपाटात खुपसला. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच.

दुपारी एक विद्यार्थिनी तोच प्रबंध शोधत आली. “मावशी, धालोंवरचो प्रबंध खंय गावतलो?”

“कित्याक गो तो? माझ्या जावेन अर्धीच गाणी सांगल्यान,” सुमंगलेनं खुर्ची पुढे ओढली. “वही काढ. पुरी मी सांगतंय!”