आजोबांची उजवी बाजू

आमचे आजोबा त्यांच्या वर्षश्राद्धाला, दुपारी साडेबारा वाजता बोलले. याला जबाबदार मी आहे.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यातून इलेक्ट्रॉनिक्सला. (दुसऱ्या वर्षाला. एक विषय राहिलाय, पण ते अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माहीत नाही.) आमच्या जुन्या टेपचा उजवा स्पीकर अगदी बारीक वाजायचा, आणि आजोबांच्या भजनाची एकुलती एक कॅसेट त्यावरच लागायची. अण्णा म्हणाले, "सुमे, श्राद्धाला बाबांचा आवाज दोनी बाजूंनी यायला पायजे. जमंल का तुला?"

माझ्या शिक्षणावर घरातलं कुणी पहिल्यांदाच काही सोपवत होतं. "जमंल की," मी म्हणाले. माझाच आवाज जरा बारीक आला.

बॅलन्सचं बटण फिरवलं, वायरी अदलाबदल केल्या. उपयोग शून्य! मग कॅसेटची फीत ज्याला घासून जाते त्या हेडशेजारी एक इवलासा स्क्रू दिसला. नवी पेठेतून खास आणलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं तो फिरवला. उजवीकडचा आवाज वाढला! म्हणून आणखी फिरवला. तेवढ्यात पानं वाढायला हाक आली, आणि तपासायचं राहिलं.

फोटोपुढं नैवेद्य ठेवून अण्णांनी डोळे पुसत टेप लावला. डावीकडून टाळ आणि भजन. उजवीकडूनही आजोबाच! पण ते गात नव्हते. बोलत होते. शब्द घशात परत ओढून घेतल्यासारखे. मध्येच खोकले, तर आधी धाप आणि मग ठसका!

आईचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. बाहेर रणरणतं ऊन, आणि माझ्या अंगावर काटा! फोटोवरचा हार हलला. (पंखा चालू होता, पण तेव्हा कुणाला सुचतंय!)

"काय म्हनत्यात वो?" आईनं विचारलं.

आत्या अक्कलकोटला दिलेली. तिनं कान लावला. "कन्नड न्हाय बाई ह्ये."

मग शेजारच्या नरसम्मा मावशींना बोलावलं. त्यांच्या घरी तेलुगू. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आमचं पन न्हाय वो. ह्ये तिकडचं हाय." आणि बोट वर केलं!

आत्याला रडू फुटलं. "दादा, कायतरी राहिलंय बाबांचं! कबूल करून टाक!"

अण्णांनी उजव्या स्पीकरपुढं हात जोडले. "बाबा, तुमचं जे काय असंल ते आमाला कबूल हाय!"

तेव्हा कुठं मला पुस्तकातलं पान आठवलं. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर शेजारी-शेजारी असतात. मी हेड इतकं सरकवलं होतं, की उजवा स्पीकर दुसरी बाजू उलटी वाजवत होता. ती बाजू कोरी समजून आम्ही कधी लावलीच नव्हती.

मी सगळं सांगितलं, स्क्रू मागं फिरवला आणि कॅसेट पालटली.

खरखर झाली. खोकला आला, या वेळी सुलटा. मग आजोबा अगदी स्पष्ट बोलले.

"चालू झालं व्हय? ऐका. सुमीनं आज पुना रेडू खोलला. मी असंन-नसंन, त्या पोरीच्या हातात पेचकस म्हनून देऊ नगा!"

अण्णांनी माझ्यापुढं हात पसरला. कबूल करून बसले होते ना! मी स्क्रू ड्रायव्हर त्यावर ठेवला.

उजवा स्पीकर अजून बारीकच वाजतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसते. तीही अण्णा समोर असताना!