एर्गाश आकांची बोटं

ताश्कंदच्या आमच्या कचेरीत माउसशी एर्गाश आकांइतकं वाकडं कुणाचंच नव्हतं. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना आका, म्हणजे दादा, म्हणायचे. त्यांचं अख्खं आयुष्य विम नावाच्या जुन्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहिण्यात गेलं. त्यात साधी अक्षरं हेच हुकूम: जे दाबलं की कर्सर खाली, के दाबलं की वर. आमचा अर्धा पत्रव्यवहार रशियनमध्ये, त्यामुळे कीबोर्डची भाषा सारखी बदलावी लागते. म्हणून रशियन अक्षरंही हुकूमच समजायचं, हे आकांनी विमला कधीच शिकवून ठेवलं होतं.

मग नव्या मालकांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी कंपनीचाच एडिटर वापरायचा. आकांनी सोमवारी व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकासमोर त्यात एक चूक दुरुस्त करून दाखवायची. जमलं तर ठीक, नाहीतर नारळ.

त्या एडिटरला विमची नक्कल करणारं एक प्लगिन होतं. आका आठवडाभर त्याच्याशीच झटत बसले. एक कळ वठणीवर आली की दुसरी बिघडायची.

"माझा अंगरखा घालून कुणी परकाच घरात शिरलाय!" ते करवादले.

"आका, बाणांच्या कळा वापरा ना," आमची प्रमुख दिलफुझा म्हणाली.

"तुझ्या आजोबांना काट्याने पुलाव खायला सांग, पोरी. मग ये माझ्याकडे."

सोमवारी गिऱ्हाइकाने रशियनमध्ये काहीतरी लिहून विचारलं. आकांनी रशियनमध्येच उत्तर दिलं, प्रोग्रामकडे वळले आणि जे दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं, मग ठोकलंच.

"अडकलं मेलं!"

"आका, रशियन चालू आहे," दिलफुझा हळूच म्हणाली, पण माइक चालूच होता. पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. नकलेला रशियन अक्षरांचं तेवढं शिकवायचं राहिलं होतं, कारण विममध्ये आकांना ते कधी आठवावंच लागलं नव्हतं. त्यांनी मुकाट माउस ओढला आणि चूक दुरुस्त केली.

नोकरी टिकली. आकांनी प्लगिन काढून टाकलं आणि नव्या कळा घोटल्या. मला मात्र मालकांचा अजून संताप येतो.

परवा चहाला बसलो होतो. "ओयबेक," आका मला म्हणाले, "काल घरी विम उघडलं. बोटांनी आपसूक कंपनीची सेव्ह करायची कळ दाबली. तिथे त्या कळेने पडदा थांबतो; जागच्या जागी गोठला."

"मग?"

"मग काय! बायको म्हणाली, तुम्हाला हे येत होतं ना?"

त्यांनी पियाला खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.