टीव्हीतल्या मॅडम ‘बसा’ म्हणायच्या नाहीत

साताऱ्याच्या नर्सिंग शाळेत आम्ही शिकायला होतो तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे नव्वद सालानंतरच्या दोनचार वर्षांतली. आमच्या शाळेत एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. बाई वर्गात आल्या की उठून उभं राहायचं आणि त्या ‘बसा’ म्हणेपर्यंत गुडघा वाकवायचा नाही. तसंच, त्या ‘वर्ग सुटला’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. मग पोटात कळ येवो नाहीतर शाळेला आग लागो.

बाई म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर. बुटक्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळातल्या, लग्न न केलेल्या. त्या स्वतः वर्गात कधीच बसल्या नाहीत. टेबलामागं एक वेताची खुर्ची होती, पण तिच्यावर फक्त त्यांची छत्री बसायची. ‘ड्यूटीवर बसलेल्या नर्सला पेशंट दिसत नाही,’ असं त्या म्हणायच्या. त्यांची म्हातारी आई वाईला घाटाजवळ एका खोलीत राहायची. तिला डोळ्यांनी जवळपास काही दिसत नव्हतं. आठवडाभर शेजारीण बघायची आणि शनिवारी दुपारी बाई वाईची एसटी धरायच्या. तेवढा एक दिवस त्या घाईत असायच्या आणि आम्हाला कमी ओरडायच्या. शनिवार आम्हाला फार आवडायचा.

तर एके दिवशी शाळेत टीव्ही आला. बरोबर व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी. पुण्याहून कुणा साहेबांनी नवी योजना काढली होती. अर्धं शिक्षण पडद्यावरून, अर्धं वॉर्डात. आमच्या शिपाईमामांनी टीव्हीपुढं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार असा काही घातला की पडद्यावरच्या मॅडमचा एक डोळा, एक कान आणि अर्धं कपाळ तेवढं दिसत होतं. हार काढायला कुणी तयार होईना, देवाचा म्हणून. पहिला धडा आम्ही अर्ध्या मॅडमकडून शिकलो.

कॅसेट सुरू झाली. मॅडम पडद्यावर आल्या, “नमस्कार विद्यार्थिनींनो” म्हणाल्या. आम्ही ताडकन उठून “गुड मॉर्निंग मॅडम!” केलं. मॅडम शिकवू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला आंघोळ कशी घालावी, हा विषय. आम्ही ‘बसा’ची वाट बघतोय. मॅडमनी पेशंटचं तोंड धुतलं, हात धुतले, पाठ पुसली, चादर बदलली, पण ‘बसा’ काही म्हणाल्या नाहीत. आम्ही बाईंकडं बघितलं. बाई कोपऱ्यात उभ्या राहून टीव्हीकडं बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

माझी खोलीतली मैत्रीण जतकडची, ताडमाड उंच. न जेवता आली होती बिचारी. पेशंटचे पाय धुवायला घेतले आणि ही सावकाश, एखादं उंच झाड कलतं तशी माझ्या अंगावर कलली. आम्ही तिला धरली, कांदा हुंगवला. मॅडम पडद्यातून आमच्याकडं बघून गोड हसत होत्या.

“हिला शिकवायला कुणी ठेवली?” बाई टीव्हीवर डाफरल्या. “मुली उभ्या आहेत हे दिसत नाही?”

कुणीही शहाण्या माणसानं ठरवलं असतं की टीव्हीपुढं उभं राहायचं नाही. पण आमच्या बाईंच्या लेखी शिस्त म्हणजे शिस्त, शिकवणारी काचेतली असो की हाडामांसाची. त्यांनी दुसरी तोड काढली. कॅसेट लागली की मॅडम नमस्कार म्हणणार, आम्ही गुड मॉर्निंग म्हणणार, आणि मग बाई टीव्हीशेजारी उभ्या राहून मॅडमच्या वतीनं ‘बसा’ म्हणणार. शेवटी ‘वर्ग सुटला’ही त्याच म्हणणार. वीस वर्षं पोरींना शिकवलेल्या बाईंच्या वाट्याला वर्गात एवढे तीन शब्द उरले. ते मात्र त्या खणखणीत म्हणायच्या.

खरं सांगायचं तर आम्ही खूश होतो. पडद्यावरच्या मॅडम नखं तपासत नव्हत्या. केस जाळीत आहेत का विचारत नव्हत्या. कंटाळा आला आणि बाई जरा बाहेर गेल्या की आम्ही कॅसेट पुढं पळवायचो, मग मॅडम भुतानं झपाटल्यासारखं पेशंटला आंघोळ घालायच्या. त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. वॉर्डात माझ्या वाट्याला एक म्हातारे आजोबा आले. मी डोळ्यांपुढं होती तीच आंघोळ घातली, त्याच वेगानं. आजोबा ओरडले, “आगं ए पोरी, म्हस धुती का मला?” बाईंनी तो स्पंज माझ्या हातातून घेतला आणि आजोबांची पाठ अशी पुसली की ते घोरायला लागले. मग स्पंज परत माझ्या हातात दिला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग साहेब येणार अशी खबर आली. मुली या नव्या शिक्षणावर समाधानी आहेत का, हे ते स्वतः विचारणार होते. सकाळी पोहे खाताना शिपाईमामा मेसमध्ये आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोरींनो, ध्यानात ठेवा. तुमी खूश हाय म्हनला की बाईंची गरज न्हाई असं ठरतंय. थेट चंद्रपूरला धाडत्यात. हापिसात बोलणं झालंय.”

चंद्रपूर. राज्याचं दुसरं टोक. तिथून दर शनिवारी वाईला येणारी एसटी अजून कुणी काढलेली नाही. त्या आंधळ्या म्हातारीचं काय, हे सगळ्यांच्याच डोक्यात आलं. जतवालीनं ताटली सरकवली. “आपण न्हाई म्हनायचं. लय साधं हाय. साहेब इचारल, समाधानी हाय का? आपण म्हनायचं, न्हाई सर.” आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. एकदा घोकूनही बघितलं, न्हाई सर, न्हाई सर.

साहेब आले. सफारी, पेन, गोल पोट. आम्ही उभ्या. बाईंनी आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की पाहुण्यांपुढं एका सुरात आणि मान ताठ ठेवून ‘येस सर’ म्हणायचं. त्या आज दाराशी उभ्या होत्या.

“तर मुलींनो, कॅसेटच्या शिक्षणानं तुमचं समाधान होतं का?”

“येस सर!” आम्ही एका सुरात म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. देवाशपथ सांगते, आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. जतवाली तर आपल्याच तोंडावर हात दाबून उभी होती. साहेब खुलले.

“काही अडचण?”

“येस सर!”

“म्हणजे, अडचण आहे?”

“येस सर!”

“की नाही?”

“येस सर!”

साहेबांनी थोडा विचार केला आणि पहिलं उत्तर धरलं. मग ते बाईंना म्हणाले, “तुमच्याशिवाय वर्ग कसा चालतो ते बघू. तुम्ही चहाचं बघता का जरा?” बाईंनी कॅसेट लावली, मॅडमचा नमस्कार झाला, आमचं गुड मॉर्निंग झालं, बाई ‘बसा’ म्हणाल्या आणि चहाचं बघायला गेल्या.

आणि तेवढ्यात भूकंप झाला.

मी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेली. माझे वडील धरणावर कामाला होते. आमच्याकडं भूकंप महिन्यातून एखादा येऊन जायचा, आई हातातली पोळीसुद्धा खाली ठेवत नसे. पण हा जरा जोराचा होता. कपाटातल्या बाटल्या खणखणल्या, खुंटीवरचा हाडांचा सापळा दात वाजवत नाचायला लागला, बाईंची छत्री खुर्चीवरून पडली. साहेब कुठं दिसेनात. ते टेबलाखाली होते.

आम्ही हललो नाही. हलणार कशा? ‘वर्ग सुटला’ कुणी म्हटलंच नव्हतं. मॅडम पडद्यावर एका आवाजात सांगत होत्या, “घाई करू नका. हळुवारपणे पेशंटला कुशीवर वळवा.” जतवाली डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, पण पाठ ताठ.

दार धाडकन उघडलं. बाई आल्या. पातळावर चहा सांडलेला, हातात रिकामी किटली. त्या ओरडल्या, “वर्ग सुटला! बाहेर!” आम्ही दोघीदोघींच्या रांगेनं बाहेर पडलो आणि मैदानात रांगेतच उभ्या राहिलो. बाईंनी आमची डोकी मोजली, मग परत आत गेल्या आणि साहेबांना टेबलाखालून काढून आणलं.

आता कुणाला वाटेल की साहेबांचे डोळे उघडले. उघडले, पण भलतीकडं. मैदानात सफारी झटकत ते आमच्या मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टरना म्हणाले, “काय एकाग्रता! भूकंप झाला तरी एक मुलगी जागची हलली नाही. पडद्यावरच्या शिक्षणाची ताकद आहे ही. शिस्त बिघडली ती या बाईंच्या ओरडण्यानं.” मेट्रन काहीतरी बोलणार होत्या, पण साहेबांचा चहा सांडलेला होता आणि आधी दुसरा चहा करावा लागला.

बदलीचा हुकूम आला. बाईंनी शेवटच्या दिवशीही तेच तीन शब्द म्हटले, छत्री उचलली आणि चंद्रपूरला हजर व्हायच्या आधी चार दिवस रजा टाकून वाईला गेल्या. आईची काही सोय लागते का बघायला. मला तेव्हा स्वतःचा फार राग आला होता. एक साधं ‘नाही’ आमच्या तोंडातून फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लागली. नमस्कार. गुड मॉर्निंग. आणि आम्ही उभ्या राहिलो. आधी सवयीनं, मग एकमेकींच्या डोळ्यांत बघून. धडा संपला, टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी आम्ही उभ्या. शिपाईमामांनी मेट्रनना बोलावलं.

“बसा की गं बायांनो,” मेट्रन म्हणाल्या.

जतवाली म्हणाली, “म्याडम, वर्गात शिकवणारी बाई म्हनल तवाच बसायचं, असा नियम हाय. भिंतीवर लिवलाय. खाली तुमची सही हाय.”

मेट्रननी भिंतीकडं बघितलं. सही त्यांचीच होती. त्यांना एकदम खोकला आला आणि त्या खोकत खोकत फोन करायला गेल्या. मला वाटतं, त्या हसत होत्या.

साहेब हार मानणारे नव्हते. तोवर वर्ग बंद ठेवायला सांगून त्यांनी दोनच दिवसांत नवी कॅसेट पाठवली. मॅडमकडून ‘बसा’ म्हणवून घेतलं होतं. फक्त जोडणाऱ्यानं ते शेवटी जोडलं. त्यामुळं आम्ही सगळा धडा उभ्यानं ऐकला, आणि मग मॅडम म्हणाल्या, “धन्यवाद विद्यार्थिनींनो. बसा.” आम्ही बसलो. आता ‘वर्ग सुटला’ म्हणायला कुणी नव्हतं. जेवणाची घंटा झाली, आम्ही बसलेल्या. दुपारची ड्यूटी लागली, आम्ही बसलेल्या. वॉर्डात बेडपॅनसाठी हाका चालू होत्या. डॉक्टर स्वतः पेशंटची थर्मामीटरं झटकत फिरत होते. मेट्रननी पुन्हा पुण्याला फोन लावला, आणि या वेळी त्या खोकत नव्हत्या. आम्हाला दाराबाहेरून ऐकू आलं, “तुमच्या मॅडमनी माझं हॉस्पिटल बंद पाडलंय, साहेब!”

संध्याकाळी पुण्याहून उत्तर आलं की नव्या, दुरुस्त कॅसेटी तयार होईपर्यंत बाईंना तिथंच ठेवावं. मेट्रननी आम्हाला त्या दिवसापुरतं सोडलं, वॉर्डातल्या माणसांसाठी आम्ही सुटलो, आणि शिपाईमामा वाईच्या एसटीत बसले. त्या दुरुस्त कॅसेटी आजतागायत आलेल्या नाहीत.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या, खांद्याला पिशवी, पातळाची इस्त्री मोडलेली. तसं त्यांना आम्ही कधीच बघितलं नव्हतं. चार दिवस आईची सोय शोधत फिरल्या होत्या आणि ती कुठंच लागली नव्हती, हे तोंडावरच दिसत होतं. आम्ही उठलो. बाईंनी आधी टीव्हीचं बटण बंद केलं. मग आमच्याकडं वळल्या आणि टेबलाला टेकल्या.

जतवाली पुढं झाली. तिनं खुर्चीवरची धूळ ओढणीनं पुसली.

“बाई,” ती म्हणाली, “आवं, तुमी बसा की आदी.”

आणि बाई बसल्या. त्या खुर्चीत, पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. आम्हाला ‘बसा’ म्हणायचं त्या साफ विसरल्या, आणि आम्ही सगळ्या उभ्याच होतो.