फेरविचारासाठी परत

वाघमारे सरांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी खाली बसलो. घसा ठणठणीत होता. आता माझी ऐंशी उलटली. जे घडलं ते माझ्याशिवाय कुणाला पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहितो.

सर मूळचे करमाळ्याचे. सोलापुरातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीत राहायला आले. अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना केलं. मी सचिव होतो. पहिल्याच महिन्यात जिन्याला हिरवा रंग द्यायचा ठराव मी त्यांच्यापुढे सहीला ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'फेरविचारासाठी परत.'

"काय चुकलं, सर?"

"चुकलं काही नाही. पण हिरवा कुणी मागितला तेच कळेना. परत एकदा बसा. पुन्हा हिरवाच म्हणालात तर मी सही करणार. मला दुसरा रस्ताच नाही की."

आम्ही परत बसलो. पिवळा ठरला. हिरवा खरंच कुणाला नको होता.

ही त्यांची कायमची पद्धत. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतो. संसदेनं ते पुन्हा पाठवलं, तर त्याला संमती द्यावीच लागते. सरांनी आयुष्यभर हे फळ्यावर लिहिलं होतं आणि पुढे तेच अंगी बाणवलं होतं. सोसायटीत त्यांना सगळे 'राष्ट्रपती' म्हणत. कुणी चिडवलं, "राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का हो," की ते म्हणत, "शिक्का खरा. पण उमटायच्या आधी एकदा विचारतो, असा शिक्का दाखवा मला बाजारात." घरीसुद्धा तेच. वांग्याची भाजी असं ऐकलं की म्हणायचे, "फेरविचार करा." काकू आतून म्हणायच्या, "केला. वांगंच." मग सर मुकाट्याने कडक भाकरी मोडून घेत.

आता बिरूचं सांगतो. बिरू आमचा रखवालदार, दुष्काळी सांगोल्याकडचा. फाटकाजवळच्या खोलीत बायको आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसह राहायचा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते आलं की टाक्यांचे कॉक उघडायचे-बंद करायचे, हे बिरूचं काम. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्याच्याकडून कॉकची चावी मागून घेतली. माझ्याकडे पाहुणे होते, मला माझ्या बाजूची टाकी आधी भरून हवी होती. कॉक फिरवला, वर जाऊन जेवलो आणि झोपलो. उठलो तेव्हा टाकी वाहून पाणी गटारात गेलं होतं आणि दुसऱ्या बाजूच्या तेवीस घरांना पाच दिवस थेंब नव्हता.

लोक खवळून खाली जमले. कुणीतरी म्हणालं, "बिरू झोपला असेल." मी गप्प राहिलो. बिरूने माझ्याकडे पाहिलं, पण सगळ्यांसमोर सचिवाचं नाव घ्यायचं धाडस त्याला झालं नाही. त्याच संध्याकाळी समितीने त्याला काढायचा ठराव केला. लिहिला मी.

सरांनी तो परत पाठवला. या वेळी कोपऱ्यात चार ओळी होत्या: 'टँकरमागे हंडा घेऊन धावलेला माणूस पाणी वाहू देईल, हे पटत नाही. चावी कोणाकडे होती, हे विचारावे. बिरूचे म्हणणे ऐकून मग ठरवावे.'

ती बैठक मी बोलावलीच नाही. सदस्यांना म्हटलं, सर अडवतायत, लोक चिडलेत, उगाच वेळ नको. ठरावाखाली लिहिलं, 'समितीने फेरविचार केला. निर्णय कायम.' आणि कागद पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांची पद्धत मला पाठ होती.

त्यांनी नऊ दिवस कागद ठेवून घेतला. दहाव्या दिवशी मी आठवण केली.

"राष्ट्रपतीला मुदत लिहिलेली नाही, सचिवसाहेब," ते म्हणाले. "पण मुदत नाही म्हणून दाबून बसा, असं मी पोरांना शिकवलं नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच बसला होता ना सगळे परत?"

"हो सर."

"बिरूला बोलावलं होतं?"

"हो."

त्यांनी सही केली.

बिरूचं सामान टेम्पोत चढलं, तेव्हा सर फाटकापाशी उभे होते. मीही होतो. बिरू त्यांना म्हणाला, "सर, तुमी तरी इचारायचं हुतं की."

सर म्हणाले, "विचारलं होतं, बिरू." एवढंच. त्यांनी त्याला सांगोल्यात डाळिंबाच्या बागेवर काम बघून दिलं होतं, तेही मला पुढे काकूंकडून कळलं.

पुढे पाण्याचा राग ओसरला आणि लोकांना बिरूची कीव आली; कागदावर सही सरांची, म्हणून नाव सरांचं खराब झालं. "जन्मभर संविधान शिकवलं आणि गरिबाच्या पोटावर पाय दिला," असं लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलत. पुढच्या निवडणुकीत त्यांना कुणी उभं केलं नाही. सोसायटीतली मुलं जिन्यात भेटली तरी मान वळवायची. परत पाठवलेल्या ठरावावरच्या त्या चार ओळी त्यांनी कुणाला दाखवल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"मंत्रिमंडळानं काय सल्ला दिला, हे राष्ट्रपती चव्हाट्यावर मांडत नसतो," ते म्हणाले. "सही केली ना? मग ती माझीच." मग म्हणाले, "परत पाठवलेलं समोरच्यानं खरंच वाचलं, तरच त्या अधिकाराला अर्थ. नाहीतर शिक्काच की हो."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

शेवटच्या आजारपणात मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्यांदा काकू चहा करायला आत गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. सर उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही. सहज आलो होतो."

"बरं," ते म्हणाले. आठवड्याने ते गेले.

मला सांगायचं होतं ते एवढंच: सर, चावी माझ्याकडे होती. बैठक झालीच नाही. बिरूला कुणी बोलावलं नाही. तुम्ही ज्या ठरावावर सही केली, तो माझ्या एकट्याचा होता. मला माफ करा.